डर्बीआधीची शर्यत कशी वाचायची? तीन घोडे, तीन वजनं

बर्डीवरून

मंडळी, नागपुरात बसून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची शर्यत वाचायची म्हणजे हाताशी काय, तर रेसकार्ड, निकालाचा तक्ता आणि व्हिडिओ. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, घोडा चालताना दिसत नाही, सकाळचं काम दिसत नाही. महाराष्ट्रात रेसकोर्स दोन, मुंबईचा नि पुण्याचा, आणि दोन्ही आपल्याला एका रात्रीच्या गाडीवर. तेव्हा नुसत्या कागदावरून कुठवर जाता येतं, ते समजून घ्यायचंय.

इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला. २४०० मीटर, फक्त चार वर्षांचे घोडे, कोल्टच्या (तरुण नराच्या) पाठीवर ५७ किलो, फिलीच्या (तरुण मादीच्या) ५५.५. तिच्याआधीची मोठी परीक्षा म्हणजे डिसेंबरातल्या दोन गिनीज, २००० गिनीज आणि फक्त फिलींची १००० गिनीज (हे आकडे नावातले, अंतर नव्हे), दोन्ही १६०० मीटरच्या. मधल्या सहा-सात आठवड्यांत कोणी जानेवारीत एखादा हँडिकॅप (दर्जानुसार वजनं वाटलेली शर्यत) पळतो, कोणी पळतच नाही.

सरावासाठी तीन घोडे मांडतो. नावं नकोत, आकडे माझेच रचलेले.

क : कोल्ट. २००० गिनीजमध्ये ५७ किलोवर दुसरा, दीड लेंग्थने हरला. शर्यतीचा वेळ १ मिनिट ४० सेकंद, शेवटचे ६०० मीटर ३५.५ सेकंदांत. शेवटचे ६०० मीटर उरतात तिथल्या खांबाशी क सगळ्यात पुढच्या घोड्याच्या आठ लेंग्थ मागे होता. जिंकणाऱ्याचं रेटिंग (क्लबने दर्जाला दिलेले गुण) नंतर ९६ झालं असं धरा.

ख : फिली. १००० गिनीज सुरुवातीपासून पुढे राहून अडीच लेंग्थने जिंकली. मैदानात सहाच घोड्या.

ग : कोल्ट. जानेवारीत २००० मीटरचा क्लास टू हँडिकॅप तीन लेंग्थने जिंकला. रेटिंग ६८, पाठीवर ५२ किलो. दुसरा आला तो ८४ रेटिंगचा, ६० किलो. तिसरा ७४ रेटिंगचा, ५५ किलो, ग च्या चार लेंग्थ मागे. चौथा ७० रेटिंगचा, ५३ किलो, साडेचार लेंग्थ मागे.

कागदावर ग सगळ्यात भारी दिसतो. ताजा विजय, अंतर लांब, फरकही मोठा. पण ५२ किलो डोळ्यात खुपतात. हे तिघं एका तागडीत कसे घालायचे? घड्याळावर किती विसंबायचं? टिप नको, पद्धत हवी.

तर्री_पोहा

आधी एक गोंधळ मिटवू. हँडिकॅप या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ फिरतात. क्लबचा हँडिकॅपर वजनं वाटतो तो एक, आणि आपण घरी बसून घोड्यांची तुलना करतो तो दुसरा. डर्बी आणि गिनीजमध्ये पहिला नसतोच, तिथे सगळ्यांना ठरलेलं वजन. ग पळला तो खरा हँडिकॅप. म्हणजे त्याला हलकं वजन मिळालं ते कोणी मेहरबानी केली म्हणून नव्हे, तर तो कमी दर्जाचा आहे असं हँडिकॅपरने आधीच मोजलं होतं म्हणून.

आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. क्लास थ्री ४० ते ६६, क्लास टू ६० ते ८६, क्लास वन ८० च्या पुढे. वर्गाची रुंदी २६ गुण म्हणजे १३ किलो. म्हणून एकाच शर्यतीत वरचा ६२ घेऊन पळतो आणि खालचा ४९. दोन वर्गांच्या टोकाला जो सामाईक पट्टा आहे तिथले घोडे मुद्दाम बघा. ६४ रेटिंगचा घोडा क्लास थ्रीमध्ये वजनाखाली दबतो आणि क्लास टूमध्ये पिसासारखा हलका होतो. ट्रेनरने त्याला कुठे घातलाय यावरून बरंच कळतं.

आता लेंग्थचे किलो करायचे. साधारण हिशेब असा : १००० मीटरला एक लेंग्थ म्हणजे १.४ किलो, १६०० ला ०.९, २००० ला ०.८, २४०० ला ०.७. अंतर वाढलं की आकडा उतरतो, कारण ताकदीचा तेवढाच फरक लांब पल्ल्यात जास्त लेंग्थ होऊन बाहेर पडतो.

ग चं गणित :

दुसऱ्या घोड्यावरून : ८४ रेटिंगचा घोडा ग पेक्षा ८ किलो जास्त घेऊन पळाला, म्हणजे १६ गुण. ८४ वजा १६, म्हणजे ६८. तीन लेंग्थ गुणिले ०.८, म्हणजे २.४ किलो, जवळपास ५ गुण. ग ची कामगिरी ७३.

तिसऱ्यावरून : ७४ वजा ६ (तीन किलोचे), अधिक चार लेंग्थचे साडेसहा. साडेचौऱ्याहत्तर.

चौथ्यावरून : ७० वजा २, अधिक साडेचार लेंग्थचे सात. पंचाहत्तर.

तिन्ही खुंट्या ७३ ते ७५ सांगतात, म्हणून आकडा धरायला हरकत नाही. ७४ म्हणू. एकाच घोड्यावरून काढलेलं रेटिंग कधी धरू नका. तो दुसरा आलेला नेमका त्या दिवशी आजारी निघाला तर तुमचा सगळा डोलारा खाली.

आता क. ९६ च्या घोड्याशी समान वजनावर दीड लेंग्थने हरला. दीड गुणिले ०.९, म्हणजे १.३५ किलो, तीन गुण धरा. ९३.

९३ आणि ७४ मध्ये १९ गुण, साडेनऊ किलो. २४०० मीटरला ते तेरा-चौदा लेंग्थ होतात. जिंकलेला ग आणि हरलेला क यांच्यात एवढी दरी आहे, आणि निकालाच्या तक्त्यात ती दिसत नाही.

चुका कुठे होतात तेही लिहितो. जॉकीने शेवटच्या पन्नास मीटरला लगाम सैल सोडून घोडा आरामात आणला असेल तर फरक खोटा, खरा त्याहून मोठा. उलट आठ-दहा लेंग्थच्या मागे राहिलेले घोडे हिशेबात घेऊच नका. हरलाय हे कळलं की जॉकी ढकलणं थांबवतो, मग वीस लेंग्थ काय नि तीस काय. शिकाऊ जॉकीला वजनाची सूट असेल तर कार्डावर लिहिलेलं वजन नव्हे, प्रत्यक्ष पाठीवर होतं ते धरा. आणि पाव लेंग्थचा हिशेब दशांशापर्यंत ओढत बसू नका, कोवळ्या घोड्याला एवढा बारीक काटा लागत नाही.

सेकंद_काटा

तर्रीभाऊंचं वजनाचं गणित बरोबर, पण घड्याळ त्यांनी खिशातच ठेवलं.

आपल्याकडे बैलजोड्यांचा शंकरपट बघणाऱ्याला सेकंदाची सवय असते. जोडी सुटली, पोहोचली, काटा थांबला, निकाल लागला. धुरकऱ्याला शेजारच्या जोडीचा विचार करायचा नसतो, तो पहिल्या पावलापासून जीव तोडून हाकतो. म्हणून पटातला वेळ हा जोडीचा खरा दर्जा. घोड्यांचं तसं नाही. दहा जॉकी एकमेकांकडे बघत पळतात. पुढे जायला कोणी तयार नसेल तर पहिले १००० मीटर रमतगमत होतात आणि मग ६०० मीटरची धावाधाव. तेव्हा शेवटचा वेळ एकटा वाचला की माणूस फसतो. तुकडे करून वाचा.

क च्या शर्यतीचे तुकडे पाडा. एकूण १०० सेकंद, शेवटचे ६०० मीटर ३५.५, म्हणजे पहिले १००० मीटर ६४.५. त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर एखादी साधी क्लास थ्रीची १६०० ची शर्यत झाली का बघा. ती १ मिनिट ३८ ला संपली असेल, तर ट्रॅक जड नव्हता, गिनीजची चालच मंद होती. गिनीजचे घोडे क्लास थ्रीपेक्षा दोन सेकंद हळू नसतात. ही तुलना त्याच दिवसाचीच करा. ट्रॅकवर पाणी मारलेलं असतं, खोटी रेल (आतल्या बाजूचा तात्पुरता कठडा) आत-बाहेर सरकवतात, दिवस बदलला की तराजू बदलला.

आता क चा स्वतःचा तुकडा. एक लेंग्थ म्हणजे सेकंदाचा साधारण सहावा भाग. खांबाशी आठ लेंग्थ मागे, म्हणजे १.३३ सेकंद उशिरा पोहोचला. शेवटी जिंकणाऱ्याच्या दीड लेंग्थ मागे, म्हणजे पाव सेकंद. ३५.५ वजा १.३३ अधिक ०.२५, म्हणजे क ने शेवटचे ६०० मीटर ३४.४ ला काढले. मंद चालीत मागून येऊन एवढं अंतर कापणं फार कठीण, कारण पुढच्यांचाही दम शिल्लक असतो. क दुसरा आला तो कमी पडला म्हणून नाही, त्याला सुटायला जागा उशिरा मिळाली म्हणून. ९३ वर मी आणखी चार-पाच गुण चढवीन.

ख ला मी उलट लावतो. सहा घोड्यांत एकटीच पुढे, कोणी छेडलं नाही. मोफत मिळालेली आघाडी. तिचे पहिले १००० मीटर किती सेकंदांत झाले ते काढा. ६४ च्या आसपास असतील तर अडीच लेंग्थमधली एखादी लेंग्थ जॉकीच्या खात्यात टाका, घोडीच्या नको.

आणि पुण्याचा फॉर्म मुंबईत आणताना गोइंग, म्हणजे ट्रॅकच्या जमिनीची अवस्था, बघा. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, ट्रॅक मऊ. मुंबईचा हिवाळ्यातला, कोरडा आणि टणक. जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा लहान म्हणजे जमीन कडक. मऊ मातीत गुडघे उचलून पळणारा घोडा टणक जमिनीवर पाऊल आखडतो.

वर्धा_रोड

सेकंदभाऊ, इथेच माझं भांडण आहे. मंद चालीच्या शर्यतीतला शेवटचा जोरदार तुकडा दाखवून तुम्ही क ला डर्बीसाठी वर चढवताय. पण ती शर्यत कागदावर १६०० ची, प्रत्यक्षात ६०० ची. त्यात दमाची परीक्षा झालीच नाही. ३४.४ ला ६०० काढणारा घोडा वेगाचा आहे एवढंच सिद्ध झालं. १८०० मीटरनंतर त्याच्या फुप्फुसात काय उरतं ते ना तुम्हाला माहीत, ना त्याच्या ट्रेनरला. चार-पाच गुण चढवायचे तर पुढच्या १६०० साठी चढवा. डर्बीसाठी ते गुण खिशातच ठेवा.

दमाचा पुरावा कुठे शोधायचा? तीन जागा आहेत, आणि तिन्ही अर्धवट.

एक, वेगवान चालीच्या शर्यतीत शेवटच्या २०० मीटरला घोडा काय करतो. पहिले १००० मीटर ६१ ला झाले, सगळे दमले, आणि हा एकाच लयीत येत राहिला, तर तो लांबचा घोडा. जिंकला नाही तरी चालेल. व्हिडिओत मुद्दाम फिनिशच्या पुढचं दृश्य बघा. शर्यत संपल्यावर शंभर-दीडशे मीटरपर्यंत कोण पुढे निघून जातो आणि कोण लगेच आखडतो. कॅमेरा तोवर चालू असतो, बघणारे मात्र निकाल लागला की खिडकी बंद करतात.

दोन, आई. बापाचं नाव सगळे बघतात. मल्टिडायमेन्शनल, रझीन असल्या गाजलेल्या नर घोड्यांची नावं वंशावळीत आली की माणसं डोळे झाकून लांबचा घोडा म्हणतात. पण एकाच बापाची पन्नास पोरं पळत असतात. आईची आधीची पिल्लं किती अंतरावर जिंकली ते काढा. तीनही मोठी भावंडं १२०० च्या पुढे थंड पडली असतील तर २४०० ची आशा बापाच्या नावावर धरू नका.

तीन, स्वभाव. हा दमाचाच भाग आहे. पहिल्या ४०० मीटरला मान वर, तोंड उघडं, जॉकी मागे रेललेला, असा घोडा डर्बीत पेट्रोल जाळत जातो. त्याला हूड (डोक्यावरची टोपी) किंवा ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं) पहिल्यांदाच लावले असतील तर कार्डावर खूण असते. ब्लिंकर्सने आळशी घोडा जागा होतो, पण तापट घोडा आणखी तापतो. डर्बीला पहिल्यांदा ब्लिंकर्स म्हणजे ट्रेनरची शेवटची गोळी समजा.

आता वळणाचं बोलतो, ते अजून कोणी काढलं नाही. रेलपासून एक मीटर बाहेर पळणाऱ्या घोड्याला अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर ३.१४ मीटर जास्त पळावं लागतं. शाळेतलाच पाय (π). दोन घोड्यांच्या बाहेरून, म्हणजे साधारण दोन मीटर रुंद पळाला, तर सव्वासहा मीटर, अडीच लेंग्थ. गिनीजमध्ये क कुठून आला ते व्हिडिओत मोजा. पूर्ण वळण तो दोन घोड्यांच्या बाहेर असेल तर त्याची दीड लेंग्थची हार तिथेच फिटते. ही वाढ मला मान्य, कारण ती चालीवर अवलंबून नाही. पण डर्बीत जवळपास पूर्ण फेरा असतो. तिथे तेवढ्याच रुंदीला साडेबारा मीटर, पाच लेंग्थ जातात. ज्याला बाहेरूनच पळायची खोड आहे, त्याची ती खोड डर्बीत दुप्पट महाग. सुटताना बाहेरच्या बाजूचं गेट मिळालं नि घोडा सुरुवातीला वेगाचा नसेल तर पाच लेंग्थ आधीच वजा करून बसा.

खूर_नाल_दात

आकडे झाले, थोडं जनावराकडे वळू.

ही पोरं आहेत. घोड्याचं वय १ जानेवारीला बदलतं, खरा जन्म जानेवारीचा असो की एप्रिलचा. डिसेंबरच्या गिनीजला सगळे तीन वर्षांचे म्हणून पळतात, पण जानेवारीचं पिल्लू तोवर ४७ महिन्यांचं असतं आणि एप्रिलअखेरचं जेमतेम ४४ चं. रेसकार्डावर किंवा स्टडबुकात (घोड्यांच्या वंशनोंदीत) जन्मतारीख मिळते, ती बघा. गिनीजला चौथा आलेला एप्रिलचा घोडा फेब्रुवारीपर्यंत जास्त पुढे सरकू शकतो. फार मोठा फरक नाही, पण दोन घोडे सारखेच वाटले तर मी तारखेवर तोल टाकतो.

दात. बैलाचे दात बघून वय सांगणारे आपल्याकडे गावोगाव आहेत, दोनदाती, चारदाती. घोड्याचेही दुधाचे दात असेच पडतात. पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांला, शेजारची साडेतीनला, कोपऱ्यातली साडेचारला. दाढांवरच्या दुधाच्या टोप्या अडीच ते चार वर्षांच्या काळात निघतात, आणि शेवटची टोपी निघते ती चारच्या सुमारास. म्हणजे नेमकी गिनीज ते डर्बी. टोपी अर्धी सुटून हिरडीला टोचत असली की घोडा लगामाच्या एका बाजूला मान धरतो, सरळ पट्टीत आत किंवा बाहेर ओढतो, दाणा अर्धा टाकतो. डिसेंबरात ओढत पळालेला घोडा जानेवारीत दात साफ करून सरळ पळाला, तर ती सुधारणा खरी धरा. जानेवारीतही तसाच ओढत असेल तर मग दात नाही, पाय दुखतोय. बहुतेक घोडे दुखऱ्या पायापासून दूर ओढतात. वळणावर ठीक आणि सरळ पट्टीत जोर लावला की ओढतो, हे लक्षण फार वाईट.

सकाळचं काम नागपुरात दिसत नाही, बरोबर, पण छापून येतं. ‘१२०० मीटर १ मि. १८ से., शेवटचे ६०० ३८ से., मोकळा’ अशी ओळ असते. ती वाचायची कशी? शेवटचा शब्द आधी वाचा. ३८ ‘मोकळा’ आणि ३८ ‘ढकलून’ यांत एका वर्गाचा फरक आहे. मग पाठीवर कोण होतं ते बघा. सकाळी राइडिंग बॉय असतो, कधी जॉकी, आणि दोघांच्या वजनात आठ-दहा किलोंचा फरक असू शकतो. मग वाळूचा ट्रॅक की गवताचा. जोडीने काम केलं असेल तर जोडीदार कोण. क्लास फाइव्हच्या घोड्याबरोबर बरोबरीत आला तर कौतुक कसलं? डर्बीच्या उमेदवाराचं शर्यतीआधीच्या दहा-बारा दिवसांत एक लांब काम दिसलं पाहिजे, १४०० किंवा १६०० चं. नुसती ६००-८०० चीच कामं दिसत असतील तर तो एकतर आधीच तयार आहे किंवा पायाला जपताहेत. दुसरी शक्यता जास्त.

प्रवास. बंगळूर, हैदराबादचे घोडे गाडीने मुंबईला येतात. बंगळूर ते मुंबई हजार किलोमीटरच्या आसपास. एवढ्या प्रवासात घोड्याचं वजन दोन ते पाच टक्के उतरतं. साडेचारशे किलोच्या घोड्याचे नऊ ते बावीस किलो. बरंचसं पाणीच, दोन-तीन दिवसांत भरून येतं. पण डोकं वर बांधून उभं राहिल्याने घसा-छाती धरली तर तीन आठवडे गेले. म्हणून बाहेरचा घोडा शर्यतीच्या किती दिवस आधी आला आणि आल्यावर पहिलं जोरदार काम कधी झालं, हे अंतर मोजा.

बर्डीवरून

सगळ्यांचे आभार. व्हिडिओ पुन्हा लावायची सवय लागणार आता. मी बसून हिशेब केला तो तपासा.

क : ९३. वळणावर बाहेरून पळाला असं धरून अडीच लेंग्थचे २.२५ किलो, साडेचार गुण. साडेसत्त्याण्णव. दमाचा पुरावा नाही, म्हणून चालीचे गुण दिले नाहीत.

ग : ७४. पण डर्बीत त्याला ५७ किलो, म्हणजे आधीपेक्षा ५ किलो जास्त. १० गुण वजा. ६४.

ख : तिला डर्बीत दीड किलोची सूट, म्हणून दीड गुण वाढवले. तिचा मूळ आकडा कसा काढायचा ते मात्र कळलं नाही.

तर्री_पोहा

काऊन भाऊ, ग ला दोनदा मारता? ही चूक नवे सगळेच करतात. ७४ हा आकडा वजनाचा हिशेब करूनच आलाय. ग ने ५२ घेऊन जे केलं ते दुसऱ्याच्या ६० शी ताडून समान पातळीवर आणलं. डर्बीत क सुद्धा ५७ घेणार, ग सुद्धा. दोघांना सारखंच वजन म्हणजे रेटिंगचा फरक तसाच्या तसा राहतो. ७४ चे ७४ च. वजनाचा बदल तेव्हाच मोजा जेव्हा दोघांच्या वजनात फरक पडतो.

फक्त एक किरकोळ गोष्ट राहते. अंगाने लहान, चारशे किलोच्या घोड्याला ५७ जास्त जाणवतात आणि पाचशे किलोच्या घोड्याला कमी. पण ते गणितात नको, पेन्सिलने समासात लिहा.

ख ची सूट दीड किलो म्हणजे दीड नव्हे, तीन गुण. एक गुण अर्धा किलो, विसरलात. २४०० ला दीड किलो म्हणजे दोन लेंग्थ, आणि दोन लेंग्थ थोड्या नाहीत. १९४३ ची पहिलीच इंडियन डर्बी प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने नेली, २०१० ला जॅकलीनने. घोडीला कागदावर बघून बाजूला सारू नका.

मूळ आकडा काढायला तिच्या मागे आलेल्या घोड्या धरा. १००० गिनीजमध्ये सगळ्यांना वजन सारखं, त्यामुळे हिशेब आणखी सोपा. दुसरी, तिसरी, चौथी यांनी आधी किंवा नंतर हँडिकॅपमध्ये काय केलं ते शोधा, त्यांची रेटिंगं लिहा, लेंग्थ चढवा. अट एकच. त्या तिघींपैकी निदान दोघी नंतर पुन्हा पळालेल्या हव्यात. पुढची शर्यत होईपर्यंत आधीच्या शर्यतीची किंमत पक्की होत नाही.

वर्धा_रोड

ख बद्दल आणखी एक. जानेवारीअखेरच्या सुमारास ओक्स असते, फक्त घोड्यांची… म्हणजे माद्यांची म्हणतोय, मराठीत इथे लय घोटाळा होतो. तीही २४०० मीटर. डर्बीआधी मुंबईत तेच अंतर पळून दाखवायची संधी फिलीलाच मिळते, कोल्टला त्या तोडीची मिळत नाही. ओक्स पळाली तर दमाचा प्रश्न सुटतो, पण दोन शर्यतींमध्ये दिवस फार थोडे. ओक्स कशी जिंकली ते बघा. चाबूक न लावता, शेवटी आवरून आली असेल तर डर्बीत धरा. शेवटच्या ३०० मीटरला झुंजून मान-भर फरकाने आली असेल, तर त्या पेल्यातलं पाणी तिने तिथेच पिऊन टाकलंय.

सेकंद_काटा

वर्धाभाऊ, चालीचे गुण खिशात ठेवायचे हे मान्य, पण फेकू नका. डर्बीच्या कार्डात पुढे पळणारे घोडे किती ते मोजा. एकही नसेल तर डर्बीसुद्धा मंद निघू शकते, आणि मग २४०० ची शर्यतही शेवटच्या ८०० ची होते. तिथे क चे ३४.४ पुन्हा बाहेर काढायचे. पुढे पळणारे तीन-चार असतील, किंवा एखाद्या तबेल्याने आपल्या मुख्य घोड्यासाठी दुसरा घोडा नुसता चाल लावायला घातलाय असं दिसलं, तर शर्यत खरी २४०० ची होणार. तेव्हा तुमचा दमाचा मुद्दा आधी. ख ला सहा घोड्यांत मिळाली तशी मोफत आघाडी तिथे मिळणार नाही, हेही तेवढ्याच मोजणीत कळतं.

एकच लक्षात ठेवा, ही मोजणी शेवटचं कार्ड आल्याशिवाय करू नका. आधीच्या नोंदीतले निम्मे घोडे गळतात.

मंच_पाहणारा

धागा चांगला चाललाय, म्हणून आधीच सांगतो. घोड्यांच्या शर्यतीला १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ म्हटलं, ते खरं. तरी इथे भाव, टिप, पैसे कुठे लावायचे, असल्या पोस्टी काढल्या जातील. दोन काढल्या आहेत.

बर्डीवरून

दुरुस्त करून लिहिलं :

क : साडेसत्त्याण्णव, चाल मंद असेल तर आणखी चार.
ख : मागच्या तिघींपैकी एकच नंतर पळाली आहे, म्हणून आकडा रिकामा ठेवलाय. समोर ‘अधिक ३’ लिहिलं.
ग : ७४.

ग चं एक राहिलं. तो जेमतेम तीन शर्यती पळालाय. महिनाभरात पोरगा १९ गुण सुधारत नाही का?

खूर_नाल_दात

सुधारतो, पण १९ गुण म्हणजे साडेनऊ किलो, एका महिन्यात. पाच-सहा गुण सहज, दहा-बारा क्वचित. आधीच्या तिन्ही शर्यतींची कामगिरी तर्रीभाऊंच्या पद्धतीने काढा आणि एकाखाली एक लिहा. ५५, ६४, ७४ अशी चढण असेल तर डर्बीला ८० ते ८४ धरा, तरी क च्या खालीच. ७०, ७२, ७४ असेल तर तो आपल्या उंचीला पोहोचला. आणि ६०, ५८, ७४ असेल तर व्हिडिओ पुन्हा लावा. त्या दिवशी काहीतरी नवीन होतं, अंतर, ब्लिंकर्स, जॉकी किंवा नुकतीच निघालेली दाताची टोपी. ते सापडेपर्यंत ७४ च्या पुढे प्रश्नचिन्ह राहू द्या.